कात्री आणि कलंदर

दिल्लीत मेहरौली येथे ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांचा दर्गा आहे. या सत्पुरुषाचे देहावसान १२३५ साली झाले, आणि ते कसे झाले याची कथा कव्वाल मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. एका मैफलीत कव्वालांनी अहमद-ए-जाम या फारसी कवीचा एक शेर म्हटला. त्या शेराच्या पहिल्या ओळीत मरणाची गोष्ट आहे, दुसरीत नव्या प्राणाची. तो कानी पडताच ख्वाजांचे देहभान हरपले. कव्वाल पहिल्या ओळीवर आले की ते निश्चेष्ट होत, दुसरीवर आले की त्यांच्या अंगात पुन्हा धुगधुगी येई. असे म्हणतात की तोच शेर चार दिवस गायिला जात होता आणि त्याच अवस्थेत त्यांनी देह ठेवला.

ही कथा इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहण्याचे कारण नाही. पण कव्वाली गाणारा माणूस शब्दाकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे तिच्यावरून कळते. ओळ कोठे तोडायची आणि कोठे जोडायची हा त्याच्या लेखी निव्वळ सोयीचा प्रश्न नसतो. म्हणूनच, या प्रसंगानंतर साडेसातशे वर्षांनी, इंग्लंडातल्या एका खेड्यात यंत्राच्या साहाय्याने एका कव्वालाच्या ओळी खरोखरीच कापल्या गेल्या, तेव्हा काय घडले हे पाहण्याजोगे आहे. १९९० साली निघालेल्या त्या संग्रहाचे नाव 'मस्त मस्त'. गाणारे होते नुसरत फतेह अली खाँ, आणि त्यांच्या गाण्याला विद्युत्‌यंत्रांचा साज चढविणारे होते मायकेल ब्रुक नावाचे कॅनडाचे गृहस्थ. वेष्टनावर रोमन लिपीत 'मस्त' लिहिताना शेवटी 'टी' हे अक्षर दोनदा घातले आहे. तसे न करते तर इंग्रज गिऱ्हाइकाने तो शब्द 'केलेच पाहिजे' या अर्थी वाचला असता!

खाँसाहेबांचे घराणे मूळचे जालंदरचे. तेथील बस्ती शेख दरवेश या वस्तीत त्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या कव्वाली गात होते. १९४७ साली फाळणी झाली आणि हे कुटुंब सरहद्द ओलांडून लायलपूरला, म्हणजे पुढच्या फैसलाबादला, जाऊन राहिले. तेथे १३ ऑक्टोबर १९४८ रोजी नुसरत यांचा जन्म झाला. वडील फतेह अली खाँ हे नामांकित कव्वाल. पण मुलाने या धंद्यात पडू नये, डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. मानाचा व्यवसाय आणि पोटाचा व्यवसाय यांत गवयाच्या घरी नेहमीच फारकत असते, हे आपल्या नाटक कंपन्यांच्या आठवणी वाचणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. १९६४ साली वडील वारले. त्यांच्या चाळिसाव्याच्या विधीला हा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा लोकांपुढे गायिला. वडिलांनी स्वप्नात येऊन गळ्याला हात लावला आणि एका दर्ग्यात नेऊन गायला सांगितले, असे ते पुढे सांगत. तो दर्गा अजमेरचा होता, असा त्यांच्या घरच्यांनी त्याचा अर्थ लावला. १९७१ साली चुलते मुबारक अली खाँ यांच्या निधनानंतर घरच्या मेळाचे पुढारपण नुसरत यांच्याकडे आले.

मुंबईकरांशी त्यांचा संबंध याच्याही पुढे थोडक्याच वर्षांत आला. ऋषी कपूर यांचा विवाह १९८० सालच्या जानेवारीत झाला. त्या निमित्ताने राज कपूर यांनी या मेळाला मुंबईस बोलावून घेतले. लग्नघरच्या मंडळींनी त्या दिवसांत जे ऐकले, ते ऐकायला बाकीच्या जगाला आणखी पाच वर्षे थांबावे लागले.

आता कव्वालीविषयी थोडेसे. अरबी 'कौल' म्हणजे वचन, शब्द, त्यापासून 'कव्वाल'. हाच शब्द आपल्याकडेही आहे. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात; मराठेशाहीत अभयाचे कौलनामे देत. म्हणजे कव्वाल हा प्रथम वचन पोहोचविणारा, आणि मग गायक. त्याची पद्धत मराठी वाचकाला कीर्तनावरून चटकन ध्यानात येईल. कीर्तनकार अभंगाचे एक चरण घेतो, त्यावर थांबतो, दुसऱ्या संतांची वचने त्याला आधार म्हणून आणतो, आणि मग फिरून मूळ चरणावर येतो. कव्वालही तसेच करतो. गाता गाता दुसऱ्या कवीचा शेर आणून तो मूळ ओळीला बांधतो. त्याला ते लोक 'गिरह' म्हणतात, म्हणजे गाठ. मागे पेटी, तबला किंवा ढोलक, आणि एका ठेक्यात टाळ्या वाजवीत ओळ उचलून धरणारे साथीदार. श्रोत्यांपैकी कोणाला एखाद्या ओळीवर भावावस्था आली तर ती ओळ सोडून पुढे जायचे नाही, तो माणूस भानावर येईपर्यंत तीच घोळवायची, असा दंडक आहे. अशा गाण्याला घड्याळाचा धरबंध कोठून असणार? अर्धा तास ही मामुली गोष्ट.

नुसरत यांनी या रचनेत सरगमेचा मोठा वाटा घातला. शब्द घोळवीत असता एकाएकी ते 'सा रे ग म'च्या अशा काही लडी सोडीत की ऐकणाऱ्याचा जीव वरखाली व्हावा. पुष्कळांना ही केवळ गळ्याची कसरत वाटली. ती तशी नव्हती, आणि हे पुढे एका विलक्षण रीतीने सिद्ध झाले. ते यथावकाश येईलच.

इकडे इंग्लंडात पीटर गॅब्रिएल नावाच्या तरुण लोकप्रिय गायकाला जगातल्या नाना देशांच्या गाण्याचा ध्यास लागला होता. 'वोमॅड' या नावाने त्याने व त्याच्या मित्रांनी १९८२ साली एक मोठा उत्सव भरविला. कलेच्या दृष्टीने तो उत्तम झाला आणि पैशाच्या दृष्टीने पार बुडाला. कर्ज फेडण्यासाठी गॅब्रिएलच्या जुन्या सोबत्यांनी एकत्र येऊन जलसा केला, तेव्हा कोठे ही मंडळी तगली. पुढे १९८५ च्या जुलैत मर्सी बेटावर भरलेल्या अशाच उत्सवात मध्यरात्रीच्या सुमारास नुसरत आणि त्यांचा मेळा बैठकीवर बसला. समोरच्या बहुसंख्य गोऱ्या श्रोत्यांना एका शब्दाचाही अर्थ कळत नव्हता. तरी ती रात्र त्यांनी जन्मभर लक्षात ठेवली. ते ध्वनिमुद्रण २०१९ साली प्रसिद्ध झाले आहे; ज्यांना शंका असेल त्यांनी ऐकून खात्री करून घ्यावी.

गॅब्रिएलने विल्टशायर परगण्यातल्या बॉक्स या खेड्यात एका जुन्या पाणचक्कीच्या जागी ध्वनिमुद्रणगृह उभारले आणि १९८९ साली 'रिअल वर्ल्ड' नावाने ध्वनिमुद्रिका काढण्यास प्रारंभ केला. पहिल्याच खेपेला खाँसाहेबांची 'शहेनशाह' ही ध्वनिमुद्रिका निघाली. ती अस्सल पारंपरिक कव्वालीची होती. यानंतर काही निराळे करून पाहावे, असे ठरले, आणि गॅब्रिएलने जोडीला सुचविले मायकेल ब्रुक यांचे नाव.

ब्रुक हे काही गाण्याच्या मैफली जिंकणारे कलावंत नव्हेत. शांत वृत्तीचा, यंत्रांशी खेळणारा हा माणूस. त्यांनी एक गिटार तयार केली होती. तिचे नाव 'अनंत गिटार'. तंतुवाद्याची एक जन्मजात अडचण आहे. सतारीची तार छेडली की नाद उमटतो आणि विरतो. तंबोरा म्हणूनच पुन:पुन्हा छेडीत राहावा लागतो. सारंगीवर गज फिरता असेपर्यंत नाद टिकतो, पण गजालाही टोक असतेच. ब्रुक यांनी असे केले की तारेच्या कंपनातून निघालेला विद्युत्‌प्रवाह वाढवून तो पुन्हा त्याच तारेला ढकलण्यासाठी परत पाठवावा. झोपाळ्याला दर हेलकाव्याला हलकासा धक्का द्यावा तसे हे आहे. मग एकदा छेडलेली तार थांबायचे नावच घेत नाही. अशी वाद्ये त्यांनी दोन-तीनच बनविली; त्यांतल्या एकावर वाजविलेला सूर आयर्लंडच्या 'यू टू' या मेळाच्या १९८७ सालच्या एका अतिशय गाजलेल्या गाण्यात जगभर पोहोचला. ज्याला दम घ्यावा लागत नाही असे हे वाद्य, आणि ज्याला दम घ्यावासा वाटत नाही असा तो गळा! जोडी जमविणाऱ्याच्या कल्पकतेला दाद दिली पाहिजे.

ध्वनिमुद्रणाला कोण कोण बसले होते? खाँसाहेबांचे धाकटे बंधू फारूख पेटीवर, दिलदार हुसेन तबल्यावर. त्यांच्या जोडीला ब्राझीलचा थोरला ढोल, पश्चिम आफ्रिकेचा 'जेंबे', विद्युत्‌गिटारी आणि कळफलकाची वाद्ये. टाळ्या देणारा मेळा मात्र नाही. खाँसाहेबांना इंग्रजी बेताचेच आणि ब्रुक यांना उर्दू-पंजाबी मुळीच नाही. तेव्हा बोलणे थोडे आणि वाजविणे फार, असा कारभार चालला. बहुतेक गाणी आधी रचलेली नव्हतीच. कोणी एक ठेका धरावा, त्यावर एखादा राग डोळ्यांपुढे ठेवून खाँसाहेबांनी सरगम आणि आलाप सोडावेत, आणि जे जमेल ते फितीवर उतरवून घ्यावे. दोन-तीन गाण्यांत शब्द आहेत. बाकीच्यांत 'तानादेरेना'सारखे तराण्याचे बोल, नाहीतर नुसते स्वर. ब्रुक यांना ज्या निर्जीव वाटणाऱ्या पेट्यांची आणि बटणांची सवय, त्यांच्या जंगलात हा विशालकाय माणूस डोळे मिटून, हातवारे करीत, घरच्या बैठकीइतक्या निर्धास्तपणे गात होता.

आता मुद्द्याची गोष्ट. अलीकडच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक आवाज वेगळा टिपलेला असतो. मिसळणाच्या डब्यात हळद, मोहरी, जिरे ज्याच्या त्याच्या वाटीत असावे, तसा गळा एकीकडे, तबला एकीकडे, पेटी एकीकडे. गाणारे उठून घरी गेले तरी स्वयंपाक व्हायचाच असतो. कोणती चिमूट किती घालायची, कोणती आधी, कोणती मागून, हे सारे संयोजक ठरवितो. नको तो तुकडा कापतो, हवा तो चारदा जोडतो. आठ-दहा मिनिटांच्या उत्स्फूर्त गाण्यातून चार-पाच मिनिटांचे घाटदार गाणे असे तयार होते. ब्रुक यांनी हेच केले, आणि त्यांच्या कानाला जे गोड लागले ते त्यांनी सुबकपणे जोडले. मग ते खाँसाहेबांना ऐकविले.

खाँसाहेबांना त्यांतले काही जोड पसंत पडले नाहीत. ठेक्याविषयी त्यांची तक्रार नव्हती. गिटारीविषयी नव्हती. आपला आवाज मागेपुढे केला, त्याला प्रतिध्वनी जोडला, याविषयीही नव्हती. तक्रार अशी की काही ठिकाणी वाक्य मध्येच कापले गेले होते. भाषा न जाणणाऱ्या कानाने ठेक्याच्या सोयीने जेथे कात्री लावली, तेथे शब्दांचा अर्थच नाहीसा होत होता. आणि ते शब्द भक्तीचे होते. येथवर कोणालाही पटेल. पण ब्रुक यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलेली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. जेथे शब्द नव्हतेच, नुसती सरगम होती, तेथेही काही काप चुकीचे ठरले. कारण ती सरगम हवेतून आलेली नव्हती. मूळ वचनातून निघालेली एक कल्पना ती स्वरांनी पुढे नेत होती, आणि मधला दुवा गेल्याने तिचा विकास खुंटत होता. ज्यांना खाँसाहेबांची सरगम ही गळ्याची कसरत वाटे, त्यांना याहून चांगले उत्तर कोणते? यंत्राने कापून पाहिली तेव्हा तिला अर्थ होता हे कळले!

मग देवघेव झाली. महत्त्वाची वचने होती तशी परत आली. काही काप राहिले. दोघांनीही थोडेथोडे सोडले. या तडजोडीत कोणी कोणावर उपकार केले नाहीत, आणि या संग्रहाचे जे काही यश आहे ते या प्रामाणिक देवघेवीत आहे, असे माझे मत आहे. ऐकणाऱ्याला ते जाणवते. 'तेरे बिना' या गाण्यात अनंत गिटारीचा सूर लांबवर धुक्यासारखा पसरलेला आहे आणि गळा त्यातून वाट काढीत येतो. कोणीही कोणाच्या पायांत येत नाही. उलट दोन-तीन तुकडे मला कधीच फारसे रुचले नाहीत. त्यांत ठेका गाडीच्या चाकांसारखा एकसुरी चालतो आणि वर गाणारा आपल्याच नादात असतो; दोघे एका डब्यात बसलेले, पण ओळख नसलेले प्रवासी वाटतात.

या प्रयोगावर कव्वालीच्या जुन्या भोक्त्यांनी नाके मुरडली. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. गिरह नाही, मेळा नाही, भान हरपायला वेळ नाही. मग उरले काय? परंतु गाण्याला कात्री लावणारे ब्रुक हे पहिले नव्हेत. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहरजान यांनी कर्ण्यापुढे बसून तबकड्या दिल्या, तेव्हापासून आपल्या ख्यालाला तीन मिनिटांच्या चौकटीत मावावे लागले. तबकडीच्या एका बाजूवर त्याहून अधिक जागाच नसे. त्या वेळी कात्री गायकाने स्वत:च्याच हातात धरली होती, इतकाच फरक. आपल्या मिरजेत राहून गेलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी तासाचा ऐवज तीन मिनिटांत असा काही बसविला की, १९३७ साली ते निवर्तल्यावरही त्या तबकड्या घरोघरी वाजत राहिल्या. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात ते हजेरी लावीत, आणि त्याच आवारात त्यांची कबर आहे. दर्ग्यातली रात्रभराची बैठक आणि तीन मिनिटांची तबकडी ही दोन्ही एकाच गळ्याला साधली होती. तेव्हा लांबी गेली म्हणून गाणे गेले, असे म्हणता येत नाही. काय गेले आणि काय राहिले, हे दर वेळी नव्याने ऐकूनच ठरवावे लागते.

ज्या गाण्यावरून संग्रहाला नाव पडले, त्याची कुळकथाही सांगण्यासारखी आहे. सिंधमध्ये सेहवान या गावी लाल शहाबाज कलंदर यांचा दर्गा आहे. हे तेराव्या शतकातले सूफी. १२७४ साली वारले. त्यांच्या दर्ग्यात सायंकाळी नगारे झडतात आणि बायाबापड्या, फकीर, मजूर बेभान होऊन नाचतात. त्याला 'धमाल' म्हणतात. मराठीत हा शब्द आपण किती हलक्या हाताने वापरतो! कलंदराच्या स्तुतीची लोकगीते या धमालीभोवती वाढली. त्यांतले 'दमा दम मस्त कलंदर' हे सर्वांत प्रसिद्ध. १९५६ साली लाहोरच्या 'जबरू' या चित्रपटात आशिक हुसेन यांनी त्याला चाल दिली, आणि सत्तरीच्या दशकात रुना लैला यांच्या तोंडून ते आपल्या घराघरांत शिरले. नुसरत यांचे 'मस्त मस्त' हे याच कुळातले पण त्यांच्या स्वत:च्या चालीचे, भीमपलासीच्या अंगाचे गाणे.

या लोकगीतात कलंदराला 'झुलेलाल' म्हणून हाक मारलेली आहे. झुलेलाल हे सिंधी हिंदूंचे दैवत, सिंधू नदीचा देव. दोन धर्मांची माणसे एकाच नदीकाठी राहत होती, म्हणून दोन नावे एका गाण्यात आली. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन राहिले. ती छावणी म्हणजे आजचे उल्हासनगर. तेथे चेटीचंडच्या उत्सवात झुलेलालचा गजर अजूनही होतो. ज्या वर्षांत ते लोक सिंध सोडून इकडे आले, त्याच वर्षांत नुसरत यांचे घराणे जालंदर सोडून तिकडे गेले. गाण्याची मात्र वाटणी कोणाला करता आली नाही.

संग्रहाच्या शेवटी हेच गाणे पुन्हा एकदा आहे, पण निराळ्या रूपात. बॉक्सपासून जवळच ब्रिस्टल हे बंदर. तेथील 'मॅसिव्ह अटॅक' या तरुणांच्या जथ्याने ते गाणे घेतले आणि ब्रुकहून कितीतरी निर्दयपणे त्याची चिरफाड केली. जमैकाहून इंग्लंडात आलेल्या लोकांनी 'डब' नावाची एक रीत आणली होती. गाण्यातले गाणे काढून टाकायचे, तळाचा खर्ज आणि ठेका उरवायचा, आणि गळ्याचा एखादा तुकडा प्रतिध्वनीच्या विहिरीत सोडून द्यायचा. ब्रिस्टलच्या पोरांनी नुसरत यांच्या आवाजाचे तसेच केले. लंडनच्या नृत्यगृहांत, जेथे उर्दूचा शब्द पूर्वी ऐकू आला नव्हता, तेथे कलंदराचे नाव दुमदुमू लागले. आई-बापांच्या तबकड्यांची लाज वाटणाऱ्या, विलायतेत वाढलेल्या हिंदी, पाकिस्तानी आणि बांगला तरुणांना ते ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना करावी. त्यांच्यातूनच टलविन सिंग, नितीन सहानी यांसारखे संगीतकार पुढे आले, आणि १९९७ साली 'स्टार राइज' नावाच्या संग्रहात त्यांनी नुसरत-ब्रुक यांची गाणी आपापल्या परीने पुन्हा घडविली.

पण याच रूपाला १९९६ सालच्या क्रिकेटच्या विश्वचषकाच्या वेळी कोका-कोलाच्या जाहिरातीत पाणक्याचे काम मिळाले. त्याही आधी, १९९४ साली, 'मोहरा' या हिंदी चित्रपटात त्याच मुखड्याच्या वळणाने एक गाणे झाले. त्यात कलंदराच्या जागी नायिका आली. ते सर्वांच्या तोंडी बसले, लग्नाच्या वरातींतून वाजले; ठेकाही झकास होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुढे 'अल्ला हू' या जपाचे रूपांतरही एका चित्रपटात प्रेमाच्या कबुलीत झाले, तेव्हा मात्र खाँसाहेब दुखावले आणि निदान भक्तिगीतांचा तरी मान राखावा, असे त्यांनी बोलून दाखविले. विचार करण्याजोगे हेच आहे. यंत्रांनी वेढलेल्या खोलीत परक्या माणसाने केलेले काप त्यांनी बसून ऐकले, चूक दाखविली, दुरुस्त करून घेतले. त्यांना लागले ते पेटी-ढोलकीवर सहज होण्यासारखे काम: देवाचे नाव काढून तेथे दुसरे नाव घालणे. पहिल्या ठिकाणी त्यांना विचारले होते. दुसऱ्या ठिकाणी विचारले नव्हते.

ब्रुक यांच्याबरोबर त्यांनी 'नाइट साँग' नावाचा आणखी एक संग्रह केला. तो पहिल्याहून अधिक विचारपूर्वक, अधिक संथ, आणि माझ्या मते अधिक परिपक्व आहे. अमेरिकेतल्या ग्रॅमी पारितोषिकांसाठी १९९७ साली त्याची शिफारस झाली. त्याच वर्षी खाँसाहेबांच्या पारंपरिक कव्वालीच्या एका संग्रहाची शिफारस लोकसंगीताच्या विभागात झाली होती. पारितोषिक एकालाही मिळाले नाही. त्याच वर्षी १६ ऑगस्टला लंडनच्या एका रुग्णालयात हृदय बंद पडून ते गेले. वय अठ्ठेचाळीस.

बॉक्सच्या ध्वनिमुद्रणगृहातील जुन्या फिती हलविताना २०२१ साली एक फीत हाती लागली. तिच्यावर १९९० च्या एप्रिलात त्याच ठिकाणी मुद्रित केलेल्या चार कव्वाल्या होत्या. ब्रुक यांच्याबरोबर नवे प्रयोग चालले होते, त्याच काळात खाँसाहेबांनी आपला सगळा मेळा बसवून, पेटी, तबला आणि टाळ्यांवर जुन्या रीतीने हे गाणे गाऊन ठेवले होते, आणि ते सर्वांच्या विस्मरणात गेले होते. २०२४ च्या सप्टेंबरात ती फीत 'चेन ऑफ लाइट' या नावाने प्रसिद्ध झाली. चारांपैकी 'या गौस या मीरां' ही कव्वाली त्यापूर्वी कोणीही ऐकलेली नव्हती.